नापासांचा मास्तर आणि मामाचा पारा

महिपत भाटकर बी.एस्सी. झालेला माणूस. मुंबईच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होता, म्हणजे मिशा फुटलेल्या पोरांना फिजिक्सचे प्रयोग करून दाखवायचा. आणि अशा माणसाचं रत्नागिरीने नाव काय ठेवलं, तर नापासांचा मास्तर. मास्तर नापास नव्हे हो, तो पहिल्या वर्गातला. नापास ती पोरं. रत्नागिरीत तेव्हा कॉलेज कुठलं? मॅट्रिक झालेली पोरं मुंबईला नाहीतर सांगलीला इंटर सायन्सला जायची, फिजिक्सवर आपटायची आणि बोटीत नाहीतर गाडीत बसून परत यायची. मग बाप त्यांना मानेला धरून मांडवीला महिपतच्या माडीवर आणून सोडायचे. राजापूर, नाटे, पूर्णगड, कुठकुठची म्हणून आपटलेली पोरं त्या माडीवर गोळा झालेली असत.

आणि या सगळ्या नापासांचा मुकुटमणी घरातच होता. लवू. मामाचा मुलगा.

महिपतचे आईबाप तो लहान असतानाच गेले. मामाने, सखाराम शेठने, त्याला वाढवलं, शिकवलं. मामाची दोन गलबतं होती, कौलं, नारळ, आंबे भरून मुंबईला जायची. माणूस दिलाने मोठा, पण राग म्हणाल तर नाकाच्या शेंड्यावर. सत्तावीस सालच्या मे महिन्यात महिपत आंबे खायला म्हणून घरी आला तो आंबे संपायच्या आत अडकला.

"लवू आपटलाय," मामा म्हणाला. "एवढा त्याला वर काढ आणि मग जा."

महिपतला वाटलं, एक वर्षाचं काम. एका वर्षात काय झालं, तर लवू पुन्हा आपटला आणि महिपतचं लग्न झालं. मुलगी मामाचीच, सगुणा. भाच्याचा हक्कच तो. महिपतला विचारलं का? विचारलं की. फेटा घट्ट होतोय का, एवढं विचारलं. सगुणा जिभेला तिखट आणि डोळ्यांना गोड, तेव्हा त्याची काही तक्रार नव्हती. पण भाचा होता तो जावई झाला, आणि जावई होता तो त्याच घरात राहून घरजावई झाला. म्हणजे दोर एकाचे तीन झाले.

त्यात त्या घराची बांधणी अशी, की माडीवरून उतरणारा जिना थेट मामाच्या झोपाळ्यासमोर. मामाला ओलांडल्याशिवाय कोणाला घराबाहेर पाऊल टाकता यायचं नाही. महिपत पानाच्या दुकानापर्यंत निघाला तरी झोपाळा थांबायचा.

"कुठे?"

"जरा बंदरावर."

"बंदरावर काय हाय? पोरं वर बसलीत ना?"

की महिपत परत वर. माडीच्या खिडकीतून मात्र समुद्र दिसायचा. मुंबईची आगबोट लांब उभी राहायची, होड्या माणसं घेऊन तिच्याकडे जायच्या, आणि ती भोंगा देऊन निघून जायची. तिच्या धुराची रेघ पुसली जाईपर्यंत मास्तराचं शिकवण्यात लक्ष नसे. पोरांना हे पक्कं ठाऊक. बोटीच्या दिवशी ती पुस्तकाखाली पत्ते पिसायची.

शिकवायचा मात्र झकास. उगाच खोटं कशाला बोला. पुस्तकं इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, पण महिपत समजावायचा मराठीत. भर दुपारी पोरांना अनवाणी कातळावर उभं करायचा. पोरं तांडव करायला लागली की तसंच खाडीच्या पाण्यात उतरवायचा. "ऊन दोघांवर सारखंच पडलं ना? मग कातळ भाजतो आणि पाणी का नाही भाजत?" पाण्याला तापायला उष्णता जास्त लागते, दगडाला कमी, हे ज्याच्या तळव्यांना एकदा कळलं त्याला स्पेसिफिक हीट जन्मात विसरायला नको. मग तिथेच सांगायचा, जमीन लवकर तापते म्हणून दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री ती लवकर निवते म्हणून वारा उलटा फिरतो. खारा वारा आणि मतलई वारा, दोन्ही पाय भाजून शिकवलेले. लोक म्हणायचे, मास्तराने पोरांना शिक्षा दिली वाटतं.

आणि माडीवर भिंतीला त्याचा जीव टांगलेला होता, तो म्हणजे बॅरोमीटर. कॉलेजातला जुना, चौकट मोडलेला. निघताना पारशी प्रोफेसरांनी "घेऊन जा, येताना परत आण" म्हणून दिलेला. काचेची उभी नळी, तिच्यात पारा. हवेचं वजन जास्त असलं की पारा वर चढतो, हवा हलकी झाली की खाली उतरतो. रोज सकाळी महिपत त्याचं दर्शन घ्यायचा, आंघोळीच्याही आधी. सगुणा म्हणायची, "माझ्याकडे बघून उठलात तर काय वाटोळं होणार आहे का?"

आता लवूची गंमत सांगते. पोरगा ढ नव्हता. नकला करण्यात, पोहण्यात, कोणाला कसं गुंडाळायचं त्यात पहिला नंबर. घरी प्रश्न विचारला की उत्तर बरोबर. परीक्षेला गेला की चूक. तीनदा आपटून आला तेव्हा फणसाचे गरे खात माडीवर बसला होता. महिपतने विचारलं, "प्रॅक्टिकलला काय विचारलं रे?"

"विचारलं, बॅरोमीटरचा पारा भराभर उतरला तर काय समजशील."

"मग?"

"मग काय, सांगितलं. आता बरे दिवस आले, म्हटलं. शांत."

महिपतच्या हातातला गरा तसाच राहिला. "आणि चढला तर?"

"चढला तर वादळ. यात विचारण्यासारखं काय हाय, भावोजी?"

तेवढ्यात खाली कोणाच्या तरी हातून तांब्या पडला आणि मामाचा आवाज कडाडला. तो ऐकताच लवू गऱ्यासकट पलंगाखाली. स्वयंपाकघरात यमुनामामींनी परसदाराची कडी काढली. गोठ्यातला गडी विठू माडाच्या आड. खालून मामींचा दबका आवाज आला, "पारा चढलाय हो. वरच थांबा सगळी."

महिपतला लख्ख कळलं. या पोराला तो हवेचं वजन शिकवत होता, पण पोर पाळण्यात असल्यापासून दुसराच पारा शिकलं होतं. आप्पांचा, म्हणजे बापाचा, पारा चढला की वादळ. उतरला की जेवण, हसणं, बाजारातून खाऊ. घरी निवांत असताना त्याला पुस्तकातलं उत्तर आठवायचं. पण परीक्षक समोर चष्मा लावून बसला की पोराची घाबरगुंडी, आणि घाबरला की पुस्तक पुसलं जायचं आणि आप्पा उरायचे.

"अरे, पण वादळाच्या वेळी पारा उतरतो," महिपत म्हणाला.

पलंगाखालून उत्तर आलं, "तुमच्या मुंबईचा उतरत असेल."

पुढच्या खेपेलाही तेच. चांगला घोकून गेला, परीक्षकाने नुसतं खाकरून बघितलं, आणि याचे बरे दिवस आले.

एकतीस सालच्या पावसाळ्यानंतर पहिली बोट सुरू झाली तिने हरिश्चंद्र आला. हा संगमेश्वरचा, कॉलेजात महिपतच्या जोडीला डेमॉन्स्ट्रेटर होता. ओटीवर सुपारी कातरता कातरता त्याने निरोप सांगितला. प्रोफेसरांच्या हाताखाली जूनमध्ये जागा रिकामी होते. शिकवायचं आणि बरोबर एम.एस्सी. करायची, हवामानाच्या विषयावरच. "तुझं नाव धरून बसलेत. पण जूनपर्यंतच. म्हणाले, चार वर्षं तो येतो येतो म्हणतोय, आता मी थांबायचा नाही."

हरिश्चंद्र उठून गेला तसा महिपत झोपाळ्यासमोर जाऊन उभा राहिला. एका दमात सगळं बोलला.

मामाने ऐकून घेतलं. "मग जा की. तुला काय बांधून ठेवलंय? लवू पास झाला की दुसऱ्या बोटीत बसवतो. शब्द."

सगुणा दारामागून ऐकत होती. माडीवर आल्यावर ती म्हणाली, "त्या लवूला मी पाटा-वरवंट्याखाली घालून पास करते. मला मुंबई बघायची आहे. ट्रंक कुठली न्यायची ते सांगा." म्हणजे आता सगळं लवूच्या एका उत्तरावर येऊन टेकलं.

कार्तिक लागला. हवा स्वच्छ, समुद्र तळ्यासारखा. मामाचं मोठं गलबत कौलं भरून भाट्याच्या खाडीत तयार होतं. खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी, भरलेलं गलबत तिच्यावरून जाणार ते भर भरतीलाच. भरती होती सकाळची. गलबत हाकणारा भागोजी तांडेल निरोप घ्यायला ओटीवर आला, आणि महिपत वरून धावत खाली आला, धोतराचा सोगा हातात.

त्याचं असं झालं होतं, की बॅरोमीटरचा पारा रोज दुपारनंतर जरासा उतरतोच. त्यात काही नाही, ती त्याची वामकुक्षी. पण सकाळी तो चढतो. आणि आज सकाळी चढायच्या वेळेला तो उतरत होता, कालच्या रात्रीपेक्षा खाली, आणि बघता बघता आणखी खाली.

"मामा, पारा उतरलाय," महिपत धापा टाकत म्हणाला.

मामा खुशीत होता. "उतरलाय ना? आज आहेच मी खुशीत. भागोजी, ऐकलंस? जावईसुद्धा बोलतोय, उतरलाय. निघ."

"अहो, तुमचा नाही. नळीतला."

"कोणाचा का उतरेना. उतरला म्हणजे बरंच."

"बरं नाही मामा, उतरला म्हणजे वादळ. गलबत सोडू नका."

भागोजीने आकाशाकडे बघितलं. चिमूटभर ढग नाही. बंदरावर धोक्याचा बावटा नाही. तो अदबीने म्हणाला, "शेठ, भरती चाललीय."

"थांब रे," मामा म्हणाला, आणि झोपाळा थांबला. "काय म्हणालास महिपत? माझं गलबत कधी सोडायचं ते तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही, सांगतोय."

"म्हणजे मला समजत नाय?"

झालं. मामा उठला. महिपतचा बाप, महिपतचं शिक्षण, पाच वर्षं बसून खाल्लेला भात, कातळावर नाचवलेली पोरं, काचेच्या नळ्या, एकेक करून सगळं निघालं. मामी परसात, विठू माडाआड, सगुणा दारामागे. लवू पलंगाखाली जायचा तो जिन्यावर अर्ध्यातच अडकून बसला, कारण महिपत नेहमीसारखा मान खाली घालून वर निघून गेला नाही. तो उभाच राहिला. मधे मधे फक्त म्हणायचा, "हो मामा. पण सोडू नका." त्याने मामा आणखी भडकायचा. भागोजी बिचारा टोपी हातात धरून उभा. शेठचं बोलणं चालू असताना पाठ कशी फिरवायची? मामा बोलून बोलून दमला आणि झोपाळ्यावर बसला तोवर ओहोटी लागली होती. दांडीवर पाणी राहिलं नव्हतं. गलबत खाडीतच.

दुपारी बंदरावर बावटा चढला. संध्याकाळ व्हायच्या आत वारा असा सुटला की माड जमिनीला डोकं टेकू लागले. घराची निम्मी कौलं गेली. लवू माडीवर बॅरोमीटरसमोर बसून होता. खाली आप्पा गप्प, देवासमोर हात जोडून, आवाज म्हणून नाही. बाहेर नुसता हाहाकार. आणि नळीतला पारा कधी नव्हता इतका खाली.

"भावोजी," तो म्हणाला, "आप्पा उतरलेत आणि वादळ आलंय."

"मग?"

"मग हे दोन वेगळे पारे असणार."

महिपतला हसावं की त्याला धरून बडवावं ते कळेना.

वादळ गेलं. खाडीपलीकडची, दुसऱ्या शेठांची दोन गलबतं त्या सकाळी समुद्रात गेली ती आलीच नाहीत. तिसऱ्या दिवशी भागोजी बायकोला घेऊन आला. सरळ माडीवर गेला आणि बॅरोमीटरसमोर नारळ ठेवला. त्याच्या बायकोने, मथुराने, चौकटीला हळदकुंकू लावलं. महिपत म्हणाला, "अगो, काचेला लावू नकोस, आकडे दिसायचे नाहीत." तर तिने आकड्यांनाच लावलं. तेव्हापासून भागोजी गलबत सोडायच्या आधी माडीवर यायचा, आणि त्याचं बघून दुसऱ्यांचे तांडेलही. नापासांच्या रांगेशेजारी तांडेलांची रांग. नाटे गावचा एक विद्यार्थी तर म्हणाला, "मास्तर, आम्हीपण नारळ ठेवतो, पास होऊ का?"

मार्चमध्ये महिपत स्वतः लवूबरोबर मुंबईला गेला. चार दिवस तेवढे. प्रोफेसरांना भेटला, ते म्हणाले, जागा तुझी आहे. प्रयोगशाळेतल्या टेबलावर हात फिरवून आला. आणि मेच्या अखेरीला तार आली, लवू पास. प्रॅक्टिकलला काय झालं, असं सगुणाने विचारलं तर म्हणाला, "परीक्षक ओरडला. मी म्हटलं, ओरड बाबा, तुझा पारा निराळा."

सगुणाने ट्रंक भरली. लोखंडी, हिरवी, वर महिपतचं नाव. आळीत प्रत्येकीला सांगून झालं, की पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने आम्ही दोघं निघतो, लवूही कॉलेजाला बरोबरच. कोणाला काय आणायचं तेसुद्धा विचारून झालं होतं. आदल्या दिवशी महिपत मामाला नमस्कार करायला खाली उतरला. मामा ओरडणार, हे धरून त्याने पाच वर्षं मनात उत्तरं जुळवून ठेवलेली. शब्द दिला होतात ना, हे पहिलं. लवू पास झाला, हे दुसरं.

मामाने ओरडायला हवं होतं. तो म्हणाला, "बस."

झोपाळ्यावर, शेजारी. आजवर त्याला तिथे कोणी बसवलं नव्हतं.

"शब्द दिलाय, तो मोडायचा नाय. खुशाल जा," मामा म्हणाला. आवाज इतका खाली, की महिपतला वाकून ऐकावं लागलं. "फक्त एक सांग. त्या दिवशी तू मुंबईत असतास तर?"

"बंदरावर बावटा चढतो मामा."

"बावटा दुपारी चढला. आमची भरती सकाळची. गलबतावर भागोजीसकट नऊ माणसं होती."

"मग कोणाला तरी शिकवून जातो बघायला."

"शिकव. भागोजीला शिकवशील, तर तो समुद्रात असताना बाकीच्यांना कोण सांगणार? लवू मुंबईत. तुझ्या मामीला अक्षर येत नाय, मला धीर नाय." मामाने झोपाळ्याची कडी धरली. माणूस वादळानंतर खचलाच होता, फक्त कोणी तिकडे बघितलं नव्हतं. मग म्हणाला, "सगुणा हुशार हाय. तिला ठेव इथं. ती बघील."

दारात सगुणा उभी होती. नवी चोळी, हातात ट्रंकेची किल्ली. तिने महिपतकडे बघितलं. ती काय म्हणणार ते त्याला तिच्या तोंडावर दिसलं. ओठ उघडलेच होते.

"नको," महिपत आधी म्हणाला. "मी आहे."

मामाने नुसता जावयाच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो हात महिपतला हलवता येईना.

माडीवर आल्यावर सगुणाने किल्ली ट्रंकेवर आपटली. "मला विचारायचं होतंत."

"काय म्हणाली असतीस?"

"हो म्हटलं असतं. तुम्हाला जा म्हटलं असतं. आणि जन्मभर त्या नळीसमोर बसून तुम्हाला शिव्या घातल्या असत्या."

"म्हणून नाही विचारलं."

"आता तुम्ही मला घालणार."

"घालीन अधूनमधून."

ती रडली नाही. ट्रंकेतले आपले कपडे काढले, त्याचे काढले, आणि ट्रंक तशीच रिकामी लवूच्या पुढ्यात सरकवली. "ने. नाव पुसून घे म्हणजे झालं." लवू किती वेळ ते नाव नखाने खरवडत बसला, पण रंग पक्का होता. शेवटी तो तसाच गेला, महिपत भाटकर, बी.एस्सी., असं लिहिलेली ट्रंक घेऊन. खिडकीतून होडी दिसली, मग बोट, मग धूर. मग समुद्र पावसासाठी बंद झाला.

दोन दिवसांनी पूर्णगडचे एक गृहस्थ आले, मागे खांदे पाडलेला मुलगा. मास्तरांनी घरचा पोरगा पास केला, ही बातमी खाडीखाडीतून पोचली होती. मामा झोपाळ्यावरून म्हणाला, "वर जा. मास्तर आहेत. कुठे जात नाहीत."

मुलगा जिना चढून आला. सगुणा केर काढत होती. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "कितव्यांदा?"

"दुसऱ्यांदा, काकी."

"मग अजून उमेद आहे म्हणायची तुला," ती म्हणाली. "चपला काढून ठेव. ऊन आहे तोवर कातळावर जायचंय."